सोनोमीटर घेताय? आधी पुली फिरवून बघा (दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू)

लॅबसाठी सोनोमीटर (ताणलेल्या तारेचा सूर तिच्या लांबीवर, ताणावर आणि वजनावर कसा ठरतो हे मोजायचं साधन) घ्यायचाय, कुठला घेऊ असं फिजिक्सच्या शिक्षकांमध्ये दर जूनला कोणीतरी विचारतंच आणि उत्तर ठरलेलं असतं, कुठलाही घ्या हो, लाकडाची पेटी आणि एक तार, त्यात काय बघायचं. मीपण आधी असंच समजत होते. मी मिरजेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आमचा जुना सोनोमीटर वाळवीने खाल्ला म्हणून २०२३ च्या जूनमध्ये नवीन मागवला, आणि गेल्या दोन वर्षांत त्याच्यावर इतक्या बॅच झाल्यात की आता नीट लिहिता येईल असं वाटतंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मी नंतर दोन-तीन दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन बघितलं तर वेगवेगळ्या स्टिकरखाली बऱ्यापैकी हाच माल आहे आणि हेच दोष आहेत. त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही, या वस्तूचाच समजा.

सेटमध्ये काय आलं ते सांगते. साधारण सव्वा मीटर लांबीची पोकळ पेटी, तिच्यावर दोन तारा, एक खुंटीने ताणायची आणि एक पुलीवरून खाली वजन लावायची, दोन सरकत्या पाचरी (मुलं ब्रिज म्हणतात, आमच्या लॅबचे मामा, म्हणजे मदतनीस, घोडी म्हणतात), अर्ध्या किलोचा हँगर (वजनं अडकवायचा दांडा) आणि अर्ध्या अर्ध्या किलोची खाचेची सहा वजनं. पेटी-वजनांचे २,८५० रुपये झाले, आठ नादकाट्यांचा (ट्यूनिंग फोर्क, मारला की एकच ठरावीक सूर देणारा काटा) डबा वेगळा १,४०० ला, आणि मेन्सची, म्हणजे घरातल्या विजेची, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती फेरे) काढायचा विद्युतचुंबक ६५० ला. माल अंबाल्याहून आला, शाळा-कॉलेजच्या लॅबचं निम्मं सामान तिथूनच येतं. पॅकिंग उत्तम होतं, एक ओरखडा नव्हता.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खरंच आहे. पेटीचा आवाज मस्त आहे. वरची फळी पातळ आहे, बाजूला भोकं नीट आहेत, नादकाटा रबरावर मारून त्याचा दांडा पेटीवर टेकवला की अख्ख्या लॅबला ऐकू जातो. पॉलिश दोन वर्षांत गेलं नाही, फळी फुगली नाही, आमच्याकडे पावसाळ्यात लॅबच्या खिडक्यांतून पाणी येतं तरी. वजनंही मी डिजिटल काट्यावर एकेक करून तोलली, हँगर ४९६ ग्रॅम निघाला आणि बाकीची ४९३ ते ५०७ च्या मध्ये. म्हणजे जास्तीत जास्त दीड टक्क्याचा फरक आणि फ्रिक्वेन्सीत ताणाचं वर्गमूळ येतं त्यामुळे तिथे तो निम्माच उरतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला हे चालतं. आणि हँगरचं वजन धरायला विसरू नका असं मुलांना दहा वेळा सांगावं लागतं ते वेगळं.

आता पुली. सगळा घोळ इथे आहे.

पहिल्याच आठवड्यात वीस मुलांची बॅच होती, तीन किलो वजन आणि २५६ चा, म्हणजे सेकंदाला २५६ कंपनांचा (हर्ट्झ), नादकाटा. तारेचा सूर काट्याशी जुळला की दोन पाचरींमधली तिची लांबी मोजायची. एका ग्रुपची लांबी आली ३४.९ सेमी, शेजारच्या ग्रुपची तीच तार, तेच वजन, तोच काटा, आणि ३६.७. मी दुसऱ्या ग्रुपला बोलले, तुम्ही नीट बघून मोजत नाही म्हटलं. त्यांनी परत केलं, परत ३६.७. एक मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. शेवटी मी स्वतः करायला बसले तर माझं ३५.६ आलं, आणि मग लक्षात आलं की मुलं बरोबर होती, सोनोमीटर चुकत होता. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हटलं.

झालं होतं असं की पुली नुसत्या एका खिळ्यावर फिरत होती, ना बेअरिंग ना काही, आणि ती अडखळत होती. एका ग्रुपने हँगर हाताने धरून अलगद खाली सोडला, तेव्हा पुलीने थोडं वजन स्वतःच अडवून धरलं आणि तारेला ताण कमी मिळाला. दुसऱ्या ग्रुपने वजन चढवताना हँगर खाली दाबला आणि सोडला, तो वर येताना पुलीने उलटा अडथळा केला आणि तारेत ताण जास्तच राहिला. आपण लिहिताना मात्र दोन्हीकडे ताण म्हणून तीन गुणिले नऊ पॉइंट आठ लिहितो. काटा तोच असेल तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून त्या दोन लांब्यांच्या वर्गांचं गुणोत्तर काढा, ताणात दहा टक्क्यांचा फरक पडलाय! ही टेस्ट तुम्हीपण करा, दोन मिनिटं लागतात. हँगर एकदा वरून अलगद सोडा, एकदा खाली दाबून सोडा, दोन्ही वेळा लांबी काढा. दोन मिलिमीटरच्या आत असेल तर पुली चांगली, सेंटीमीटरच्या पुढे गेली तर त्या पुलीवर कुठलंच रीडिंग घेऊ नका.

कंपनीला फोन केला, त्यांनी सांगितलं तेल घाला. घातलं. चार दिवस बरी चालली मग तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट. शेवटी आमचे लॅबचे मामा म्हणाले, "मॅडम, लेथवाल्याकडं देऊया की, स्केटिंगच्या चाकात असतंय तसलं बेअरिंग घालून देतोय तो." ६०८ नंबरचं साधं बॉल बेअरिंग, आठ मिलिमीटर भोकाचं, त्याच्यावर नायलॉनचं चाक बसवून मध्ये बारीक खाच पाडून दिली. सगळं मिळून दोनशेच्या आत काम झालं. त्यानंतर तीच टेस्ट केली तर फरक दीड मिलिमीटर. एवढी साधी गोष्ट कारखान्यातच का करत नाहीत हे मला खरंच कळत नाही, दोनशे रुपये जास्त घ्या पण पुली द्या ना धड.

दुसरी तक्रार तारेची. सोबत आलेली तार मऊ लोखंडी होती, गॅल्व्हनाइज्ड, साडेतीन किलो लावलं आणि तासाभराने मामांनी हाक मारली, "मॅडम, हँगर खाली चाललाय बघा." खरंच चाललेला. तार हळूहळू लांबत होती, संध्याकाळपर्यंत चार सेंटीमीटर. आता काहींना वाटेल ताण तर वजनाचाच आहे मग लांबली तर काय बिघडलं, पण तार लांबली म्हणजे बारीकही झाली, दर मीटरचं वजन कमी झालं, सकाळी तोललेला एम (सूत्रातलं दर मीटरचं वजन) संध्याकाळी खोटा ठरला.

याच्यावरचा इलाज आमच्या गावात तर घराच्या दारात आहे. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळाला. सतारमेकर गल्लीत जाऊन २८ नंबरची पोलादी तार मागितली, किरकोळ पैशात मिळाली. २८ गेज म्हणजे ०.३७६ मिमी जाडी. पाच मीटर कापून तोलली तर ४.३६ ग्रॅम भरली, म्हणजे मीटरला ०.८७ ग्रॅम, पोलादाची घनता धरून गणिताने येतं तेवढंच अगदी. (एक मीटर तोलू नका, काट्याची चूक मोठी पडते, पाच तोला आणि भागा.) ही तार साडेतीन किलोला ढिम्म हलत नाही.

आणि त्याच फेरीत पाचरींचं पण कळलं. मी पेटीच गाडीत घालून नेली होती तार बसवून बघायला, तर तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी तार एकदा छेडली, पाचरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाई, ही घोडी बरोबर नाय. हिच्यावर तार बसत नाय, लोळतीय. तुम्हाला जवारी पायजे का?" मी म्हटलं नको, मला जवारी अजिबात नको.

हे जरा सविस्तर सांगते कारण मला स्वतःला तिथे उभं राहून जेवढं समजलं तेवढं एमएस्सीला पण समजलं नव्हतं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा अगदी हलका उताराचा घासलेला असतो आणि तार त्याच्यावर लागते-सुटते, लागते-सुटते. खाली सूत सरकवून ती लागायची जागा नेमकी जुळवतात, तेव्हा ती झणझण येते, जवारी लागते. म्हणजे तंबोऱ्यात तारेची लांबी कुठे संपते हे मुद्दामच पक्कं ठेवलेलं नसतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला त्यात हेच आहे. नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या वरच्या स्वरांची गाठ येते, म्हणजे नोड, ते स्वर ऐकू यायला नकोत, पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते येतात आणि त्याचं कारण ही घोडी. सोनोमीटरला बरोब्बर उलटं हवं. तिथे तार एका धारेवर संपली पाहिजे, कारण आपण पट्टीने जी लांबी मोजतो ती त्या धारेपासून त्या धारेपर्यंत.

माझ्या पाचरींचा माथा चार मिलिमीटर रुंद आणि सपाट होता, लाकडाचाच, वर धातूची पट्टीबिट्टी काही नाही. दोन्हीकडून मिळून आठ मिलिमीटरचा गोंधळ. २५६ ला लांबी छत्तीस सेंटीमीटरच्या आसपास असते तिथे हा सव्वादोन टक्के होतो, पण ५१२ च्या काट्याला लांबी अठरा सेंटीमीटर, तिथे साडेचार टक्के! म्हणूनच आमच्याकडे वर्षानुवर्षं ५१२ चं रीडिंग ग्राफच्या बाहेर जायचं आणि आम्ही मुलांना सांगायचो तो पॉइंट सोडून द्या. त्या काकांनी शिसवीच्या दोन पाचरी करून दिल्या, माथ्यावर पितळी पट्टी धार काढून बसवली, आणि पैसे घेताना म्हणाले कॉलेजचं काम आहे, लाकडाचेच द्या. तार छेडल्यावर जो एक करकर आवाज यायचा तो त्या क्षणी बंद झाला. एक स्वच्छ सूर.

हे तिन्ही बदलल्यावर आलेली रीडिंग देते, तीन किलो वजनावरची. २५६ ला ३५.८ सेमी, ३२० ला २८.६, ३८४ ला २३.९, ५१२ ला १८.०. फ्रिक्वेन्सी गुणिले लांबी करून बघा, ९१६५, ९१५२, ९१७८, ९२१६. एक टक्क्याच्या आत सगळी. लांबी कमी केली की फ्रिक्वेन्सी त्याच प्रमाणात वाढते, गुणाकार तोच राहतो, हा नियम मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ मध्ये छापला, आणि मिरजेतल्या सोळा वर्षांच्या मुलांना तो तीनशे रुपयांच्या दुरुस्तीनंतर हाताने काढता आला, मला याचा फार आनंद झाला होता. दुसरा प्रयोगपण बघा, २५६ चा काटा ठेवून नुसत्या हँगरवर लांबी १४.६ आणि दोन किलोवर २९.३. वजन चौपट केलं तेव्हा लांबी दुप्पट. मुलं सूत्रात वर्गमूळाचं चिन्ह लिहितात पण ते म्हणजे काय हे त्या दिवशी त्यांना दिसलं.

कागदाच्या रायडरबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. जर्नलच्या पानाची तीन मिलिमीटर रुंद पट्टी कापायची, मधोमध घडी घालून उलट्या व्हीसारखी तारेच्या मध्यावर बसवायची, नादकाटा मारून दांडा पेटीवर टेकवायचा आणि पाचर मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत जायचं. आधी काहीच होत नाही. मग कागदाची टोकं नुसती थरथरतात. अजून एक मिलिमीटर आणि तो तारेवर नाचायला लागतो, तिरका होतो, आणि टुणकन उडून बाहेर पडतो, म्हणजे सूर जुळला. तारेला कोणी हात लावलेला नसतो. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक मूल "परत, परत" म्हणतं, एकही अपवाद मी बघितला नाही. २०२०-२१ च्या बॅचला हा प्रयोग आम्ही स्क्रीनवर सिम्युलेशनमध्ये करून घेतला होता, रीडिंग अगदी बरोबर आली, पण परत कोणी म्हटलं नव्हतं.

एक गंमत नक्की करून दाखवा. २५६ ला जुळलेली लांबी तशीच ठेवा आणि आता ५१२ चा काटा टेकवा. मधला कागद बसून राहतो, काही हलत नाही. मुलं म्हणतात जुळत नाहीये. मग कागद पाव लांबीवर सरकवा, लगेच उडतो. तार दोन भागांत हलतेय आणि मधोमध तिची गाठ आहे. ही कागदाची युक्ती ऑक्सफर्डच्या लोकांनी वापरलेली, वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६७७ मध्ये त्याबद्दल लिहिलंय, साडेतीनशे वर्षांत याहून स्वस्त साधन कोणी काढलेलं नाही. जुन्या रुंद पाचरींवर हे जमत नव्हतं, कागद मध्येही थरथरायचा, पितळी धारेवर स्वच्छ जमतं.

नादकाट्यांना मी मध्यम मार्क देईन. निळे पोलादी आहेत, घुमतात छान, पण आठपैकी दोन चुकीचे निघाले. मोबाईलवर फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं, त्याच्यावर तपासलं तर ३२० लिहिलेला ३१७ वाजत होता आणि ४८० चा ४७६. एक टक्क्याच्या आतबाहेरची चूक आहे, पण मुलगा बिचारा ३२० लिहितो आणि ग्राफ हलतो. आम्ही आता दांड्यावर तपासलेला आकडा पांढऱ्या पेंटने लिहून ठेवलाय. घेतल्या घेतल्या तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि मुलांना टेबलाच्या कडेवर मारू देऊ नका, रबर पॅड नसेल तर चपलेचा सोल चालतो.

पेटीवर चिकटवलेली कागदी पट्टी पण मीटरमागे तीन मिलिमीटर खोटी आहे, आम्ही तिच्याकडे बघतच नाही, स्टीलची पट्टी बाजूला ठेवून मोजतो.

विद्युतचुंबक. प्रयोग सुंदर आहे, वस्तू कामचलाऊ आहे. सहा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावायचा (थेट मेन्सला कधीही नाही, हे मी बोर्डवर लाल खडूने लिहिते), तारेच्या मधोमध जवळ आणायचा आणि लांबी बदलत जायची. एक किलो वजनाला ५३ सेंटीमीटरच्या आसपास तार जोरात थरथरायला लागते. सूत्रात घातलं की १०० हर्ट्झ येतात आणि वर्गात गलका होतो, मॅडम लाईट तर ५० ची असते ना. असते. पण चुंबक करंट या बाजूने गेला तरी तार ओढतो आणि त्या बाजूने गेला तरी ओढतोच, लोखंडाला दिशेचं काही पडलेलं नाही, म्हणून एका फेऱ्यात दोन हिसके. निम्मे करायचे, ५०. पितळी तारेतून करंट सोडून नालचुंबक ठेवला तर सरळ ५० येतात, दोन्ही करून दाखवता आलं तर उत्तमच. तर वस्तूबद्दल सांगायचं म्हणजे कॉइल दहा मिनिटांत हाताला चटका बसेल इतकी तापते आणि सॉकेट सैल आहेत, ते आम्ही परत डाग लावून घेतले. सलग बॅच असतील तर मध्ये बंद करून ठेवावा लागतो.

मार्क द्यायचे तर पेटीला पाचपैकी साडेचार, वजनांना चार, नादकाट्यांना तीन, चुंबकाला अडीच, आणि पुली, पाचरी आणि तार या तिघांना मिळून एक. आणि अडचण हीच आहे की सूत्रातली लांबी पाचर ठरवते, ताण पुली ठरवते आणि एम तार ठरवते. खर्च पॉलिशवर झालाय आणि मोजमाप ज्याच्यावर उभं आहे तिथे वाचवलंय. बारावीच्या फिजिक्सला प्रॅक्टिकलचे तीस मार्क असतात, त्यात हा प्रयोग ज्याच्या वाट्याला येतो त्याने चांगलं काम करूनही ग्राफ वाकडा यावा हे मला सहन होत नाही.

यंदा दुसरा सोनोमीटर मागवायची परवानगी मिळाली तेव्हा कोटेशन मागवतानाच लिहिलं, बॉल बेअरिंगची पुली, पाचरीला धातूची धार, तार आमची आम्ही लावू. तीन पुरवठादारांपैकी एकाने हो म्हटलं आणि साडेतीनशे रुपये जास्त लावले, ऑर्डर त्यालाच दिली. पेटी गेल्या महिन्यात आली, मामांनी पॅकिंग फोडून सगळ्यात आधी पुलीला बोटाने गरकन फिरवलं आणि ती थांबेपर्यंत बघत उभे राहिले. बराच वेळ फिरत होती.

ज्यांच्याकडे आधीचाच आहे त्यांनी प्रॅक्टिकल संपल्यावर वजनं उतरवून ठेवा, तारेला वर्षातून दोनदा खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि सतारीची तार जवळ मिळत नसेल तर मिरजेत येणाऱ्या कोणाकडून तरी मागवून घ्या, २८ नंबर पोलादी एवढंच सांगायचं.